झिंकच्या लॅम्पवर फेरस

गेल्या वर्षी दाजींच्या उसावर केवडा पडला. त्यांची जमीन परंडा तालुक्यात, सीनेच्या अंगाला. आधी कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, आणि पुढच्या पंधरवड्यात शेंड्याची पानं कागदासारखी पांढरी झाली. ऊस लावणाऱ्याला हे लक्षण पाठ असतं: लोह कमी. पण किती कमी ते पान सांगत नाही, म्हणून माती तपासायला दिली. दाजींनी नमुना नेटका काढला होता. शेतात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी व्ही आकाराचे खड्डे घेतले, कडेची माती खुरप्याऐवजी बांबूच्या कामटीने खरवडली आणि पत्र्याच्या घमेल्याऐवजी प्लॅस्टिकच्या टोपल्यात मिसळली. लोखंडी खुरपं मातीला लोह देतं आणि मुलामा दिलेलं घमेलं जस्त, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. मग ढिगाचे चार भाग, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो माती कापडी पिशवीत.

कार्ड आलं. जस्त होतं, तांबं होतं, मंगल होतं. लोहाची ओळ कोरी. आम्ही दोघं प्रयोगशाळेत गेलो.

“फेरसचा लॅम्प गेलाय, काका. मागवलाय,” तिथला मुलगा म्हणाला.

“मग झिंकच्या लॅम्पवर बघा की,” दाजी म्हणाले. “दिवा तो दिवा.”

मुलगा हसला. मला हसू आलं नाही. मी उभी हयात कॉलेजात वर्णपट शिकवला, पण इतका मुद्द्याचा प्रश्न वर्गात कुणी विचारला नव्हता. लोह मोजायला लोहाचाच दिवा का लागतो? उजेडाला धातूची जात असते का? तिथे उभ्या उभ्या मी जे सांगितलं ते तोकडं होतं. पुरतं उत्तर दोनशे वर्षांत अनेकांनी मिळून दिलं आहे, आणि त्यातला एक तुकडा दाजींच्या शेतापासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवर, करमाळा तालुक्यातल्या जेऊरला हाती लागला.

सुरुवात स्वयंपाकघरातून करता येते. गॅसवर डाळ उतू गेली की निळी ज्योत भपकन पिवळी होते. डाळीत मीठ असतं, मिठात सोडियम, आणि तो पिवळा रंग सोडियमच्या अणूंचा. बटाट्याचं खारट पाणी सांडो की डोळ्यातलं टिपूस, पिवळा तोच. आता तुळजापूरला आराध्यांच्या हातातला पोत आठवा. तोही पिवळाच जळतो. साध्या डोळ्याला दोन्ही पिवळे सारखे वाटतील, पण एक जुनी सीडी हातात घेऊन तिच्यावर पडलेलं प्रतिबिंब तिरकं करून पाहिलं तर फरक कळतो. सीडीवरच्या खाचा एकमेकींपासून १.६ मायक्रोमीटरवर असतात आणि उजेडाचे रंग फोडायला तेवढं पुरतं. पोताचा उजेड तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सलग पसरतो, कारण तो तापलेल्या काजळीच्या कणांचा आहे. घन पदार्थात अणू एकमेकांना खेटून असतात, कुणाचाच आवाज वेगळा ऐकू येत नाही. मिठाच्या ज्योतीचा पिवळा मात्र फुटत नाही. तो एकाच जागी राहतो, ५८९ नॅनोमीटरवर. चांगलं उपकरण असेल तर तिथे चिकटून असलेल्या दोन रेषा दिसतात: ५८९.० आणि ५८९.६.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवायचा. या विषयातले बहुतेक शोध आणि बहुतेक घोटाळे दशांश चिन्हाच्या आसपास झाले आहेत.

बव्हेरियातल्या फ्राउनहोफरने १८१४ साली सूर्याचा उजेड प्रिझममधून पाहिला तेव्हा त्याला रंगपट्ट्यात काळ्या रेषा दिसल्या. तो भिंगं घडवणारा कारागीर. काच उजेडाला किती वाकवते हे मोजायला त्याला रंगपट्ट्यात पक्क्या खुणा हव्या होत्या, आणि या रेषांनी त्या आयत्या दिल्या. त्याने पाचशेच्या वर रेषा टिपल्या, ठळक रेषांना अक्षरं दिली. पिवळ्यातल्या जोडीला डी. रेषा काळ्या का, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि त्याच्या धंद्याला त्याची गरजही नव्हती.

ते कोडं १८५९ मध्ये हायडेलबर्गला किर्खहोफने सोडवलं. त्याचा प्रयोग मला अजून सगळ्या पाठ्यपुस्तकांपेक्षा शहाणा वाटतो. त्याने सूर्यप्रकाशाच्या वाटेत मिठाची ज्योत ठेवली. सूर्याच्या पट्ट्यात डी रेषेच्या जागी काळी फट आहे, ज्योतीचा पिवळा नेमका तिथेच पडतो, म्हणजे फट भरून निघेल असा हिशेब. ऊन मंद केल्यावर तसंच झालं. ऊन पुरतं येऊ दिल्यावर मात्र फट आधीपेक्षा काळी झाली. म्हणजे जी ज्योत पिवळा उजेड देते तीच ज्योत नेमका तोच पिवळा उजेड गिळतेही. मागचा उजेड तिच्यापेक्षा प्रखर असेल तर रेषा काळी दिसते, मागे अंधार असेल तर उजळ. सूर्याच्या काळ्या रेषा त्याच्याच भोवतीच्या वायूंनी अडवलेला उजेड आहेत. त्यात सोडियम आहे, लोह आहे, कॅल्शियम आहे.

इथे विद्यार्थी हटकून एक शंका काढत, आणि ती रास्त आहे. अणूने गिळलेला उजेड तो परत ओकतोच ना, मग फट का राहते? फट राहते कारण गिळलेला उजेड सरळ आपल्या डोळ्याकडे येत होता आणि ओकलेला दाही दिशांना उधळतो. शिवाय काही अणू ती ऊर्जा उजेडाच्या रूपात देतच नाहीत, शेजारच्या अणूला धडकून उष्णतेत मोकळी करतात. आपल्या वाट्याला येतो तो चिमूटभर.

काळी रेषा आणि उजळ रेषा एकाच अणूची दोन रूपं आहेत, हे डोळ्यांदेखत दाखवणारा प्रसंग म्हणजे खग्रास सूर्यग्रहण. चंद्राने सूर्याची तबकडी पुरती झाकल्यावर कडेचा वायूंचा पातळ थर सेकंद-दोन सेकंद उघडा राहतो. मागची प्रखर तबकडी गेलेली असते, त्यामुळे हजारो काळ्या रेषा एका झटक्यात उजळतात. यालाच झळक-वर्णपट म्हणतात. १८७० मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स यंगने तो पहिल्यांदा पाहिला. आणि २२ जानेवारी १८९८ ला, पौषी अमावास्येच्या दिवशी, तो टिपायला माणसं जेऊरला जमली होती.

दिवस प्लेगचे. टिळक तुरुंगात. जेऊर मुंबई-सोलापूर रेल्वेवरचं स्टेशन, म्हणून अवजड दुर्बिणी तिथवर आणता आल्या. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचा विल्यम कॅम्बेल चाळीस फुटी कॅमेरा घेऊन आला. पुण्याहून कावसजी दादाभाई नायगमवाला आले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली होती, नायगमवाला तिचे संचालक. तिथली वीस इंची दुर्बीण त्या काळी भारतातली सर्वांत मोठी. पुढे वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. तिकडे तिला अजून भावनगर दुर्बीण म्हणतात, पुण्याचं नाव कुणी घेत नाही. जेऊरच्या ग्रहणावर नायगमवाला यांनी लिहिलेला सविस्तर अहवाल १९०२ मध्ये छापला गेला. जेऊर तेव्हा इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात होतं, सीना ओलांडली की परंडा निजामाच्या राज्यात.

त्याच ग्रहणासाठी नॉर्मन लॉकयर विजयदुर्गावर उतरला होता. इथे एका लाडक्या दंतकथेला हात घालावा लागतो. लॉकयरने १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असं सर्रास सांगितलं जातं. किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे दाखवले जातात, तिथे हेलियम दिनही होतो. लॉकयर विजयदुर्गावर आला हे खरं, पण तीस वर्षांनी. १८६८ च्या ग्रहणात तो इंग्लंडमध्येच होता. त्या ग्रहणाला फ्रेंच जान्सेन गुंटूरला होता, पोगसन मछलीपट्टणला, आणि पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल. या मंडळींनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांमध्ये उजळ रेषा पाहिल्या, त्यात एक पिवळी. रेषा इतक्या तेजस्वी होत्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही जान्सेनने त्या शोधून काढल्या. लॉकयरने स्वतंत्रपणे हेच २० ऑक्टोबरला लंडनमधून केलं, आणि दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली.

पिवळी रेषा पाहणाऱ्यांना आधी ती सोडियमची डी वाटली. वाटणारच. पण डी ५८९ वर आणि ही ५८७.६ वर. दीड नॅनोमीटरही अंतर नाही. लॉकयरने हट्ट धरला की हा पृथ्वीवर न सापडलेला पदार्थ आहे. सत्तावीस वर्षं पुष्कळांना ते पटलं नव्हतं. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झीने क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा पाहिली. पृथ्वीवरचा हेलियम युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सारातून तयार होतो आणि भेगांतून वर झिरपतो. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीच्या परिसरात शास्त्रज्ञांनी जमिनीतल्या हेलियमचीही मोजणी केली होती. विजयदुर्गाची कथा दुरुस्त केल्याने किल्ल्याचं काही कमी होत नाही. मला खटकतं ते एवढंच की न घडलेल्या शोधाचा दिवस होतो आणि जेऊरला जे खरोखर घडलं ते कुणाच्या गावी नाही.

जेऊरला घडलं ते असं. ग्रहणात सूर्याभोवती जे पांढरं प्रभामंडळ दिसतं त्यात एक हिरवी रेषा असते. ती १८६९ पासून ठाऊक होती आणि तिची जागा ५३१.७ नॅनोमीटर धरली जात होती. तिथे लोहाची एक रेषा आहे, म्हणजे प्रभामंडळात लोह असावं, पण मग लोहाच्या बाकीच्या शेकडो रेषा कुठे गेल्या? १८९८ च्या छायाचित्रांनी दाखवलं की जागाच चुकलेली आहे. कॅम्बेलने जेऊरच्या काचांवरून आकडा काढला: ५३०.३२६. विजयदुर्गाच्या छायाचित्रांतही रेषा ५३०.३ च्या आसपासच निघाली. पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याची रेषा त्या जागी नव्हती. मग एका नव्या मूलद्रव्याला जागा झाली: कोरोनियम. हेलियमचा दाखला ताजा होता, त्यामुळे शंका कोण घेणार?

कोरोनियम नव्हताच. १९४० च्या सुमारास स्वीडनच्या एडलेनने दाखवलं की ही रेषा लोहाचीच आहे, पण तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची. इतके इलेक्ट्रॉन उडायला दहा-वीस लाख अंश तापमान लागतं, आणि सूर्याचा पृष्ठभाग तर सहा हजारांच्या आत आहे. प्रभामंडळ इतकं का तापतं, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेल्या आदित्य एल-१ वरचा प्रभामंडळ-दर्शक याच ५३०.३ च्या रेषेवर डोळा लावून आहे. म्हणजे आधी ‘लोह’ म्हणाले ते चुकीच्या आकड्यावरून, आकडा सुधारला तेव्हा लोह सोडून दिलं, आणि शेवटी लोहच निघालं.

नायगमवाला यांच्या नावावर असाच आणखी एक शेवटच्या आकड्याचा वाद आहे. मृगातल्या तेजोमेघाच्या उजेडात ५००.७ वर एक हिरवी रेषा दिसते. लॉकयर म्हणे, ती जळत्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे. तो पट्टा जवळजवळ त्याच जागी पडतो खरा, पण पट्ट्याची एक बाजू विरत जाते. नायगमवाला यांनी १८९१ मध्ये पुण्यातून निरीक्षण करून कळवलं की रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव आहे, विरत नाही. हेलियमबाबत बरोबर असलेला लॉकयर इथे चुकला होता. या रेषेलाही मग नेब्युलियम नावाचं काल्पनिक मूलद्रव्य मिळालं. १९२७ मध्ये आयरा बोवेनने ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ठरवली.

इथपर्यंत सगळा नोंदवहीचा कारभार झाला. कुठली रेषा कुणाची, एवढंच. ती तिथेच का, याला उत्तर नव्हतं. पहिली फट बाल्मर नावाच्या स्विस शाळामास्तराने पाडली. हायड्रोजनच्या चार दृश्य रेषा ६५६.३, ४८६.१, ४३४.० आणि ४१०.२ वर आहेत. त्याने १८८५ मध्ये या चारही एका सूत्रात बसवल्या: ३६४.५६ ला n च्या वर्गाने गुणा आणि n च्या वर्गातून चार वजा करून आलेल्या संख्येने भागा. n जागी ३, ४, ५, ६ घाला. मी दरवर्षी पोरांना हे वहीत करायला लावत असे. कॅल्क्युलेटरवर ४८६ उमटलं की मागच्या बाकावरचाही मान वर करायचा.

१९१३ मध्ये बोरने त्यामागचा व्यवहार सांगितला. त्यासाठी पुस्तकांत शिडीची उपमा असते, मला एसटी जवळची वाटते. अणूतल्या इलेक्ट्रॉनला मधेअधे कुठेही उतरता-चढता येत नाही, ठरलेले थांबे आहेत. हायड्रोजनमध्ये तळाचा थांबा उणे १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर, पुढचा उणे ३.४ वर, मग उणे १.५१, उणे ०.८५, वर जावं तसे थांबे जवळ येतात. एका थांब्यावरून दुसऱ्यावर जायचं भाडं म्हणजे दोन आकड्यांतला फरक, आणि भाडं फोटॉन नावाच्या नाण्यात. फोटॉन सुटा होत नाही. भाडं १०.२ असेल तर १०.२ चंच नाणं चालतं, अकराचं परत जातं. खाली उतरताना इलेक्ट्रॉन तेवढंच नाणं टाकतो. म्हणून गिळलेली आणि ओकलेली रेषा एकाच जागी. फोटॉनचं मोल काढायला १२४० ला त्याच्या नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागावं. ६५६.३ ची तांबडी रेषा १.८९ ची, म्हणजे तिसऱ्या थांब्यावरून दुसऱ्यावर.

पण नाणं सुटं होत नाही हे फक्त फोटॉनला लागू. धावता इलेक्ट्रॉन अणूवर आदळला तर तो मोठी नोट देऊन उरलेले परत घेऊन जातो. १९१४ मध्ये फ्रांक आणि हर्ट्झ यांनी पाऱ्याच्या वाफेत हे दाखवलं. धावणारे इलेक्ट्रॉन ४.९ व्होल्टला पोचले की एकदम ऊर्जा गमावतात, आणि पारा २५३.७ नॅनोमीटरचा अतिनील उजेड सोडतो. १२४० ला ४.९ ने भागा. घरातली जुनी ट्यूबलाइट याच व्यवहारावर चालायची. अतिनील उजेडाचा पांढरा करण्याचं काम आतल्या पावडरीचं.

थांबे असतातच का, हे बोरला सांगता आलं नाही. त्याचं उत्तर पुंजयामिकीने १९२६ च्या आसपास दिलं: अणूत बांधलेला इलेक्ट्रॉन तरंगासारखा वागतो, आणि बांधलेल्या तरंगाला ठरावीकच आकार घेता येतात. गोंधळ्याच्या तुणतुण्याची तार दोन्ही टोकांना बांधलेली असते, म्हणून तिच्यातून ठरावीकच सूर निघतो. उपमा इथवरच. तारेचा सूर खुंटी पिळून बदलता येतो, अणूचा नाही. जेऊरचा हायड्रोजन आणि मृगाच्या तेजोमेघातला हायड्रोजन एकाच पट्टीत लागलेले आहेत, आणि ही पट्टी केंद्रातल्या विद्युतभारावरून ठरते. जस्ताचा भार तीस, लोहाचा सव्वीस. म्हणून दोघांचे थांबे वेगळे, भाडी वेगळी.

इलेक्ट्रॉन वरच्या थांब्यावर किती वेळ राहतो हेही ठरलेलं असतं, आणि त्यातली तफावत थक्क करते. सोडियमचा इलेक्ट्रॉन १६ अब्जांश सेकंदात खाली येतो. तेजोमेघातला ऑक्सिजन ५००.७ ची रेषा द्यायला सुमारे अर्धा मिनिट घेतो. प्रयोगशाळेतल्या हवेत तेवढ्या वेळात त्याला असंख्य धक्के बसतात आणि ऊर्जा आधीच जाते. म्हणून ती रेषा इथे कुणाला सापडली नव्हती, तेजोमेघाच्या निर्वातातच सापडली. आणि थंड हायड्रोजनची एक रेषा आहे २१ सेंटीमीटरची, रेडिओलहरीतली. तिला सरासरी एक कोटी वर्षांहून जास्त काळ लागतो. तरी अवकाशात हायड्रोजन इतका आहे की ती ऐकू येते. जुन्नर तालुक्यात खोडदजवळच्या महाकाय मीटरवेव्ह दुर्बिणीने एका फार दूरच्या दीर्घिकेतून आलेली हीच रेषा टिपल्याचं २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालं. विश्वाच्या प्रसरणाने ती ताणून ४८ सेंटीमीटरची झाली होती.

रेषा दिसली म्हणजे पदार्थ आहे, हे ठीक. पण रेषा ठळक म्हणजे पदार्थ भरपूर, हे खरं नाही. सूर्यपटात लोहाच्या रेषांची दाटी आहे आणि हायड्रोजनच्या मोजक्याच. त्यावरून सूर्य बराचसा पृथ्वीसारख्याच मालाचा असावा असं दीर्घकाळ वाटत होतं. मेघनाद साहांनी १९२० मध्ये तापमान आणि दाबावरून किती अणू इलेक्ट्रॉन गमावतील आणि किती वरच्या थांब्यावर असतील याचं गणित मांडलं. ते वापरून सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये दाखवलं की तारे प्रामुख्याने हायड्रोजनचे आहेत. भल्याभल्यांनी त्यावर विश्वास ठेवला नाही.

हाच हिशेब मातीच्या प्रयोगशाळेत कामाला येतो, आणि आता दाजींकडे वळतो. पालाश मोजायला तिथे फ्लेम फोटोमीटर असतो. द्रावण ज्योतीत फवारायचं, पोटॅशियम ७६६.५ नॅनोमीटरचा उजेड देतं, तो मोजायचा. हे जमतं कारण पोटॅशियमचं भाडं स्वस्त आहे, १.६, ज्योतीच्या उष्णतेनेही दहा हजारांत एखादा अणू वर चढतो. जस्ताचं भाडं ५.८. ॲसिटिलीनच्या ज्योतीत, सुमारे अडीच हजार केल्विनला, जस्ताच्या एक लाख कोटी अणूंत वर असतात पाच-सात. त्यांचा उजेड काय मोजणार? ऑस्ट्रेलियाच्या ॲलन वॉल्शला १९५२ मध्ये सुचलं की आपण उलट्या बाजूने पाहतोय. वर चढलेले मोजूच नका, खाली बसलेले मोजा, ते तर सगळेच आहेत. ज्योतीतून जस्ताचा उजेड पाठवा आणि किती गिळला गेला ते बघा. किर्खहोफचा प्रयोगच, पण सूर्याच्या जागी दिवा.

तो दिवा मी नंतर हातात घेऊन पाहिला. अंगठ्याहून जाड काचेची नळी, आत ज्या धातूचा दिवा त्याच धातूची पोकळ वाटी, आणि थोडासा निऑन. वीज सोडली की निऑनचे आयन वाटीवर आदळतात, धातूचे अणू उडवतात आणि ते चमकतात. डोळ्याला दिसतो तो निऑनचा नारिंगी उजेड. जस्ताची २१३.९ ची आणि लोहाची २४८.३ ची रेषा अतिनीलात, दिसतच नाही. साधी काचही तिला अडवते म्हणून समोरची खिडकी क्वार्ट्झची. खाली लांबट फटीतून निळी ज्योत. बाजूला डीटीपीए द्रावणात दोन तास हलवून गाळलेला मातीचा अर्क. बारीक नळी त्यात बुडवली की सूं करत अर्क वर जातो आणि पडद्यावरचा आकडा हलतो. लोह दशलक्ष भागांत साडेचारपेक्षा कमी, जस्त ०.६ पेक्षा कमी, तर कमतरता धरायची. बेसॉल्टच्या काळ्या जमिनीत लोहाला तोटा नाही, पण चुनखडीने ते धरून ठेवलेलं असतं, पिकाला मिळत नाही. म्हणून नुसतं मातीतलं लोह मोजून भागत नाही, डीटीपीएने पिकाला मिळण्याजोगंच लोह ओढायचं.

अलीकडे हातात धरायचे, मातीवर टेकवले की आकडा देणारे सेन्सर विकले जातात. त्यातले पुष्कळसे मातीवरून परतलेला अवरक्त उजेड पाहतात. तिथे रेषा नसतात, पाणी आणि सेंद्रिय पदार्थांच्या रेणूंचे रुंद पट्टे असतात. सेंद्रिय कर्बाचा अंदाज त्यातून ठीक येतो. जस्त त्यात दिसत नाही, बाकीच्या पट्ट्यांवरून ताडलं जातं. ज्या मातीवर ताळा बसवला ती वेगळी असेल तर ताडणं फसतं. मातीला लेसर मारून तिची ठिणगी करायची आणि तिच्या रेषा वाचायच्या, ही पद्धत मात्र अस्सल अणूंची. ऑगस्ट २०२३ मध्ये प्रज्ञान बग्गीने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या मातीत गंधक असल्याचं असंच सांगितलं. परंड्यात ती पद्धत यायची आहे.

महिन्याभराने फेरसचा लॅम्प आला. लोह साडेचारच्या बरंच खाली निघालं आणि दाजी हिराकस आणायला बार्शीला गेले. जाताना मी त्यांना हिशेब सांगितला: झिंकच्या लॅम्पचं नाणं ५.८ चं, फेरसचं भाडं ५, फोटॉन सुटे देत नाही, म्हणून जमत नाही. त्यांना पटलं. पण घरी येऊन जुनी कोष्टकं चाळताना मलाच एक नोंद सापडली. जस्ताची रेषा २१३.८५६ वर आहे. आणि लोहाची एक मिणमिणती रेषा, वरच्या एका थांब्याची, २१३.८५९ वर. तीन सहस्रांश नॅनोमीटरचं अंतर, आणि ज्योतीत रेषा साधारण तेवढ्याच रुंद होतात. अर्कात लोह फार असेल तर झिंकचा लॅम्प त्यालाही थोडा अडतो आणि जस्त आहे त्याहून जास्त दिसतं. प्रयोगशाळांना ही अडचण माहीत असते.

दाजींना फोन लावला. ते उसात होते, पंपाचा आवाज येत होता.

“मग मी काय म्हणत होतो?” ते म्हणाले.